पल्सर आणि जड ताऱ्याची जोडी: टायमिंगचा क्रम कुठे चुकतो

जड ताऱ्याभोवती फिरणाऱ्या पल्सरचं (स्वतःभोवती फिरत स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) टायमिंग, म्हणजे स्पंदांच्या आगमनवेळांचं गणित, करायला बसलेले बहुतेकजण एकाच ठिकाणी अडकतात. आगमनवेळांची फाइल तयार होते. सॉफ्टवेअरमध्ये कक्षेचे पाच आकडे मोकळे सोडले जातात, सोबत परिवलनाचे दोन, डीएम (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप) आणि आकाशातलं स्थान. फिट केल्यावर रेसिड्युअल (मोजलेल्या आणि भाकीत केलेल्या वेळांतले फरक) सपाट दिसतात आणि हायसं वाटतं. मग पुढच्या महिन्याचं निरीक्षण येतं आणि ते भाकितापासून पल्सरच्या स्वतःभोवतीच्या अर्ध्या फेऱ्याने चुकलेलं निघतं.

यात दोष सॉफ्टवेअरचा नसतो. पल्सरचं परिवलन, त्याची कक्षा आणि जोडीदार ताऱ्याचा वारा (ताऱ्यातून सतत बाहेर वाहणारा वायू), या तिन्हींचा परिणाम एकाच आकड्यात येऊन बसतो: स्पंद किती वाजता पोचला. ठरावीक क्रमाने गेलं तर हे परिणाम सुटे करता येतात. सगळं एकदम मोकळं सोडलं तर एकाची चूक दुसरा गिळतो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. टेम्पो-२ किंवा पिंट ही टायमिंगची सॉफ्टवेअर एखाद्या एकट्या पल्सरवर चालवून पाहिलेलं आहे, असं मी गृहीत धरतो.

उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी पीएसआर बी१२५९−६३ घेतो. परिवलनकाल ४७.७६ मिलिसेकंद, कक्षाकाल सुमारे १२३६.७ दिवस, विकेंद्रता ०.८७, जोडीदार एलएस २८८३ हा भोवती चकती असलेला जड तारा. या वर्गातली जवळपास प्रत्येक अडचण इथे भेटते.

## तयारी: डेटाला हात लावण्याआधी

आधी प्रकार ओळखा. व्हेला एक्स-१ सारखा पल्सर ताऱ्याचा वारा स्वतःवर ओढून घेतो आणि क्ष-किरणांत चमकतो. त्याचा २८३ सेकंदांचा परिवलनकाल पडणाऱ्या वायूच्या धक्क्यांनी वेडावाकडा बदलत राहतो, त्यामुळे वर्षानुवर्षं फेरे मोजत नेणं तिथे जमत नाही. इथली पद्धत वारा दूर ढकलणाऱ्या, रेडिओत स्पंदणाऱ्या पल्सरांसाठी आहे.

मग दुर्बीण. बी१२५९−६३ ची क्रांती (आकाशातलं उत्तर-दक्षिण स्थान) उणे ६४ अंशांच्या आसपास आहे. पुण्याजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उणे ५३ अंशांपर्यंतच वाकते, म्हणून तो तिथून दिसतच नाही. २३१ दिवसांच्या कक्षेतला जे१७४०−३०५२ मात्र तिला सहज दिसतो. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी हे तपासा. स्वतःची निरीक्षणं नसतील तर पार्क्स दुर्बिणीचा संग्रह आहे. तिची निरीक्षणं साधारणपणे १८ महिन्यांनी सर्वांसाठी खुली होतात.

शेवटची तयारी कागदावरची. ती कुणी करत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते. अंदाजे कक्षा माहीत असेल तर तीन आकडे काढून ठेवा.

पहिला: कक्षेमुळे स्पंद किती मागेपुढे होतील? बी१२५९ चा दृष्टिरेषेवर प्रक्षेपित अर्धअक्ष सुमारे १२९६ प्रकाशसेकंद आहे, म्हणजे साडेएकवीस मिनिटं.

दुसरा: परिवलनकाल किती बदलताना दिसेल? या कक्षेसाठी दृष्टिरेषेतल्या वेगाचा एकूण पल्ला सेकंदाला सुमारे ९३ किलोमीटर येतो, म्हणून ४७.७६ मिलिसेकंदांत सुमारे १५ मायक्रोसेकंदांचा बदल.

तिसरा: एका निरीक्षणाच्या आत त्वरण जाणवेल का? सर्वांत जवळच्या बिंदूलाही या पल्सरचं दृष्टिरेषेतलं त्वरण सेकंद-वर्गाला ०.०८ मीटरहून जास्त नाही. तासाभराच्या निरीक्षणात वारंवारता वर्णपटाच्या एका खणाच्या दहाव्या भागाएवढीही सरकत नाही. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या काही तासांच्या कक्षांसाठी त्वरण-शोध (सरकत्या वारंवारतेचा माग काढणारा शोध) लागतो. इथे तो चालवून संगणकाचे दिवस घालवणारे मी बरेच पाहिले आहेत. इथे स्पंद हरवतात ते वाऱ्यामुळे.

## टप्पा १: स्थान आणि घड्याळ पक्कं करा

स्थानात एक विकला चूक असेल तर आगमनवेळांत २.४ मिलिसेकंद उंचीची वार्षिक लाट येते. कक्षाकाल वर्षाच्या आसपास असेल, किंवा डेटा दोनच वर्षांचा असेल, तर कक्षा ही लाट पोटात घेते आणि विकेंद्रता बिघडते.

जड जोडीदाराचा इथे मोठा फायदा होतो. तो प्रकाशीय दुर्बिणीत ठळक दिसतो, म्हणून स्थान आणि निजगती (आकाशात वर्षागणिक होणारी सरक) गाइया उपग्रहाच्या यादीतून घ्या आणि सुरुवातीला गोठवून ठेवा. एकट्या पल्सरला ही सोय नसते.

> सावधान: गाइयाच्या तिसऱ्या प्रकाशनातली स्थानं २०१६.० या क्षणासाठी आहेत. पॅरामीटर फाइलमध्ये स्थानाचा क्षण वेगळा लिहिलेला राहिला, तर निजगती चुकीच्या वर्षांसाठी लावली जाते. ही चूक दिसत नाही, फक्त वर्षागणिक वाढते.

वेळमापनाची दुसरी चूक याहून घातक. टेम्पो-२ स्वतःहून टीसीबी वेळ वापरतं. जुनं टेम्पो आणि पिंट टीडीबी वापरतात. दोन्हींच्या सेकंदात साडेसहा कोटीत एक भागाच्या आसपास फरक आहे. एकाची फाइल दुसऱ्यात तशीच टाकली की परिवलनकाल, कक्षाकाल, अर्धअक्ष सगळं किंचित सरकतं, आणि फिट पुन्हा केलं की सगळं आपोआप 'ठीक' होतं. मग आपले आकडे प्रसिद्ध आकड्यांशी का जुळत नाहीत, हे शोधण्यात आठवडे जातात. फाइलमध्ये एकक स्पष्ट लिहा आणि सौरमालेची पंचांग-सारणी, उदाहरणार्थ डीई४४०, सगळीकडे एकच ठेवा.

तपासणी: त्याच दुर्बिणीने, त्याच रात्री घेतलेला एखादा शांत, एकटा, प्रसिद्ध पल्सर याच साखळीतून काढा. त्याचे रेसिड्युअल सपाट नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: निरीक्षणांचं वेळापत्रक

महिन्यातून एक निरीक्षण, वर्षभर समान अंतराने, असं वेळापत्रक अशा कक्षेसाठी निरुपयोगी आहे. आकडा बघा: विकेंद्रता ०.८७ असताना पल्सर ताऱ्याभोवतीचा १८० अंशांचा प्रवास, म्हणजे पेरिॲस्ट्रॉनच्या (ताऱ्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्या) दोन्ही बाजूंचे नव्वद-नव्वद अंश, सुमारे ३४ दिवसांत संपवतो. उरलेल्या अर्ध्या फेरीला १२०० दिवस लागतात.

त्यातच बी१२५९ चे स्पंद पेरिॲस्ट्रॉनच्या साधारण १६ दिवस आधीपासून १६ दिवस नंतरपर्यंत दिसेनासे होतात; हेच ग्रहण. हे दोन आकडे शेजारी ठेवा. कक्षेचा जो अर्धा भाग तिच्या आकाराबद्दल सगळ्यात जास्त सांगतो, जवळपास तोच अख्खा भाग आपल्याला स्पंदांत दिसत नाही. विकेंद्रता, पेरिॲस्ट्रॉनची दिशा आणि पेरिॲस्ट्रॉनची वेळ एकमेकांत इतकी गुंतलेली निघतात ती यामुळेच. कक्षेच्या एका फेरीच्या डेटावर त्यांच्या चुकीच्या मर्यादा सॉफ्टवेअर छोट्या दाखवत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून वेळापत्रक असं आखा:

१. दूर असताना महिन्यातून एक-दोन निरीक्षणं पुरतात, पण ती तुटू देऊ नका.

२. ग्रहणाच्या दोन महिने आधी आठवड्यातून दोन, शेवटच्या पंधरवड्यात शक्य तर रोज.

३. ग्रहण संपायच्या अपेक्षित दिवसाच्या चार-पाच दिवस आधीच पुन्हा सुरुवात. स्पंद कधी परततील ते वाऱ्यावर अवलंबून असतं.

४. प्रत्येक निरीक्षणात एकाच वेळी दोन पट्टे, किंवा एकच खूप रुंद पट्टा. कारण पुढच्या टप्प्यात येईल.

नवीन, अजून कक्षा न सापडलेला पल्सर असेल तर पहिल्या काही आठवड्यांचं वेळापत्रक वेगळं हवं. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

## टप्पा ३: डीएम प्रत्येक निरीक्षणापुरता काढा

मुक्त इलेक्ट्रॉनांतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप म्हणजे डीएम. बी१२५९ साठी तो सुमारे १४७ पार्सेक प्रति घन सेंटिमीटर. एकट्या पल्सरसाठी ही संख्या जवळपास स्थिर असते. इथे पल्सर ताऱ्याच्या वाऱ्यात शिरतो आणि ती काही एककांनी वाढते.

डीएम एका एककाने वाढला तर १.४ गिगाहर्ट्झला स्पंद २.१ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि ०.४ गिगाहर्ट्झला २६ मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या फेऱ्याहून जास्त. हे २.१ मिलिसेकंद कक्षेच्या भाषेत सुमारे ६३० किलोमीटर. फिटिंग करणाऱ्या प्रोग्रामला उशीर कशाचा हे कळत नाही. डीएम स्थिर ठेवला तर तो खुशाल कक्षा ओढतो. आणि वारा फक्त उशीर करतो, लवकर कधीच आणत नाही. त्यामुळे चूक सरासरीत विरत नाही, नेहमी एकाच बाजूला साचते.

काय करायचं:

१. आधी व्यत्यय काढा. आगमनवेळ काढल्यावर दिसणारे वाईट बिंदू हाताने पुसण्यापेक्षा मूळ डेटातले खराब चॅनेल काढणं केव्हाही चांगलं.

२. प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळं टेम्प्लेट (स्पंदाचा नमुना-आकार) बनवा, आणि ते पल्सर ताऱ्यापासून दूर असतानाच्या निरीक्षणांतून. एकच टेम्प्लेट सगळीकडे लावलं तर स्पंदाच्या आकारातला वारंवारतेनुसार होणारा बदल डीएम म्हणून मोजला जातो.

३. पट्टा चार ते आठ भागांत विभागून प्रत्येक भागाची आगमनवेळ काढा आणि त्या एकाच निरीक्षणातून डीएम काढा.

४. तो डीएम त्या दिवसापुरता गोठवा. संपूर्ण कालावधीसाठी डीएमला एक सरळ उतार किंवा बहुपदी देऊ नका. वाऱ्याचा आलेख पेरिॲस्ट्रॉनजवळ टोकदार असतो, बहुपदी त्याच्या आजूबाजूला लाटा उठवते आणि त्या लाटा कक्षेत शिरतात.

> सावधान: सोमवारी एका पट्ट्यात आणि गुरुवारी दुसऱ्या पट्ट्यात निरीक्षण करून दोन्हींतून डीएम काढू नका. तीन दिवसांत कक्षाही सरकली आणि वाराही. त्या 'डीएम'मध्ये दोन्ही मिसळलेले असतील.

> सावधान: बी१२५९ च्या स्पंदात जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं आहेत. गोंगाट जास्त असेल तर टेम्प्लेट चुकीच्या शिखरावर बसतं आणि त्या दिवसाची वेळ फेऱ्याच्या मोठ्या अंशाने उडी मारते. अशी उडी दिसली तर आधी स्पंदाचं चित्र उघडून पाहा, नंतर ग्लिच (परिवलनाच्या वेगातली अचानक उडी) वगैरे विचार करा.

पेरिॲस्ट्रॉन जवळ येताना स्कॅटरिंगही (लहरींचं विखुरणं) वाढतं. स्पंदाला मागे शेपूट फुटतं, आणि कमी वारंवारतेला ते झपाट्याने लांबतं, साधारण वारंवारतेच्या चौथ्या घाताने. शेपटामुळे स्पंदाचं वजन उशिराकडे झुकतं आणि तोही उशीर डीएममध्ये जमा होतो. शेपूट स्पष्ट दिसायला लागलं की कमी वारंवारतेचे भाग वगळा, शक्य असेल तर ३ गिगाहर्ट्झच्या वर जा.

तपासणी: डीएमचा आलेख कक्षेतल्या स्थानासमोर काढा. दूर असताना तो सपाट आणि चुकीच्या मर्यादेत स्थिर असायला हवा. तिथेही लाटा दिसत असतील तर दोष टेम्प्लेटमध्ये आहे, वाऱ्यात नाही.

## टप्पा ४: आधी वेगाचा आलेख, मग फेरे

कक्षा माहीत नसेल तर इथे घाई करू नका. फेरे मोजण्याआधी प्रत्येक निरीक्षणातून फक्त परिवलनकाल काढा, सौरमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन. तो दिवसांसमोर मांडा. हा आलेख म्हणजे दृष्टिरेषेतला वेग. याला फेऱ्यांची संख्या लागत नाही, म्हणून मधे महिनाभर निरीक्षण नसलं तरी तो बिघडत नाही.

विकेंद्रता मोठी असली की हा आलेख लाटेसारखा दिसत नाही. बराच काळ जवळपास सपाट, मग अचानक एक तीव्र चढउतार. त्याला फिट करताना विकेंद्रता ०.१ पासून ०.९५ पर्यंत पायरीपायरीने गोठवा, प्रत्येक पायरीला पेरिॲस्ट्रॉनच्या वेळेचे वेगवेगळे अंदाज द्या, बाकीचे आकडे मोकळे सोडा. सगळे एकदम सोडले तर उत्तर जवळच्या खड्ड्यात अडकतं.

कक्षा फारच लांब असेल तर चढउतार डेटात आलेलाच नसतो, आणि मग खरी फसगत होते. जे२०३२+४१२७ चं उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावं. १४३ मिलिसेकंदांचा हा पल्सर फर्मी दुर्बिणीच्या गॅमा किरणांत सापडला, २००९ मध्ये जाहीर झाला, आणि बरीच वर्षं एकटाच समजला गेला. परिवलनात दिसणारी अनियमितता त्याच्या अंगचीच मानली गेली. २०१५ मध्ये लक्षात आलं की तो एका जड ताऱ्याभोवती अतिशय लांबट कक्षेत आहे. कक्षाकालाचा पहिला अंदाज पंचवीस वर्षांच्या आसपास होता. पुढच्या निरीक्षणांनी तो ४५ ते ५० वर्षांवर गेला. पेरिॲस्ट्रॉन १३ नोव्हेंबर २०१७ ला झाला.

यातून घ्यायचं ते हे: कक्षेचं त्वरण परिवलनकालाच्या बदलदरात हुबेहूब मिसळतं. म्हणून कक्षा सुटेपर्यंत त्या बदलदरातून वय, चुंबकीय क्षेत्र किंवा ऊर्जा काढू नका. बी१२५९ चं ३.३ लाख वर्षांचं अनुमानित वय आज लिहिता येतं, कारण त्याच्या कक्षेच्या अनेक फेऱ्या मोजून झाल्या आहेत.

तपासणी: मिळालेल्या अर्धअक्षातून आणि कक्षाकालातून वस्तुमान-फलन काढा (पद्धत टप्पा ८ मध्ये). ते शंभर सौरवस्तुमानांच्या वर येत असेल तर कक्षा चुकलेली आहे.

## टप्पा ५: फेरे जोडणं

हा या कामाचा कणा आहे. दोन निरीक्षणांच्या मधे पल्सरने नेमके किती पूर्ण फेरे घेतले, हे एकाही फेऱ्याची चूक न करता सांगता आलं पाहिजे.

हिशेब असा. तासाभराच्या निरीक्षणाच्या दोन टोकांना ०.१ मिलिसेकंद अचूकतेच्या आगमनवेळा मिळाल्या, तर परिवलनकाल सुमारे अडीच कोटीत एक भाग इतका कळतो. एवढ्या भांडवलावर भाकीत पाव फेऱ्याने चुकायला साडेतीन दिवस लागतात. म्हणजे दुसरं निरीक्षण तीन दिवसांच्या आत हवं. ते मिळालं की अचूकता कितीतरी पट वाढते, तिसरं आठवड्याने चालतं, चौथं महिन्याने. अंतर प्रत्येक वेळी साधारण तिपटीने वाढवा, जास्त नको. सुरुवातीचं वेळापत्रक म्हणूनच काही तास, एक दिवस, तीन दिवस, नऊ दिवस असं लागतं.

पण यात एक खाच आहे. बी१२५९ ताऱ्यापासून सर्वांत दूर असतानाही कक्षेचं त्वरण तीन दिवसांत स्पंदाला अर्ध्या फेऱ्याहून जास्त सरकवतं. म्हणून छोट्या तुकड्यातही परिवलनाचा बदलदर मोकळा सोडावा लागतो. तो खरा बदलदर नाही, कक्षेचा तात्पुरता अवतार आहे. कधी त्याचं चिन्हही उलटं येईल आणि पल्सर वेगाने फिरू लागल्यासारखा दिसेल. घाबरू नका, आणि हा आकडा कुठे छापूही नका.

१. ताऱ्यापासून दूरच्या काळातला सगळ्यात दाट निरीक्षणांचा तुकडा निवडा. तिथे परिवलनकाल आणि तात्पुरता बदलदर फिट करा.

२. शेजारचं एकच निरीक्षण जोडा. भाकितातली अनिश्चितता पाव फेऱ्याहून कमी असेल तरच.

३. अनिश्चितता जास्त असेल तर फेऱ्यांची संख्या एक कमी, तीच, एक जास्त अशा तिन्ही शक्यता जपून ठेवा आणि पुढच्या निरीक्षणाला निर्णय करू द्या. ड्रॅक्युला नावाची प्रणाली हे आपोआप करते, पण एकदा तरी हाताने करा. शक्यता कशा गळतात ते डोळ्यांनी पाहिलं की यंत्राच्या उत्तरावर कधी शंका घ्यायची ते कळतं.

४. तुकडा कक्षाकालाच्या दहाव्या भागाहून लांब झाला की तात्पुरता बदलदर काढून टाका आणि टप्पा ४ मधली कक्षा आत आणा.

५. ग्रहण ओलांडणं सर्वांत शेवटी. ३२ दिवसांत बी१२५९ सुमारे ५.८ कोटी फेरे घेतो आणि त्या काळात एकही आगमनवेळ हाती नसते. एका बाजूच्या डेटावर हे अंतर ओलांडायला जाऊ नका. आधी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे जोडून घ्या.

> सावधान: ग्रहणाच्या काठावर स्पंद क्षीण होतो, पण टेम्प्लेट जुळवणारा प्रोग्राम शुद्ध गोंगाटातूनही एक 'आगमनवेळ' आणि देखणी चूक-मर्यादा काढून देतो. संकेत-गोंगाट गुणोत्तर आठपेक्षा कमी असेल तर ती वेळ वापरू नका. अशा दोन-तीन खोट्या वेळा अख्खी कक्षा फिरवू शकतात.

तपासणी: शेवटची दोन निरीक्षणं बाजूला ठेवून फिट करा आणि त्यांचं भाकीत घ्या. ते दाखवलेल्या अनिश्चिततेत बसलं तर फेरे जुळले. सपाट रेसिड्युअल हा पुरावा नाही, बरोबर आलेलं भाकीत हा पुरावा आहे.

## टप्पा ६: योग्य मॉडेल, आणि उड्यांचा मोह

कक्षेच्या पूर्ण एक-दोन फेऱ्या जोडल्या की साध्या केप्लर कक्षेत काहीतरी उरतं. हे बहुधा खरंच असतं. जड तारा वेगाने फिरतो, त्याचं पोट फुगलेलं असतं, आणि ते फुगीर पोट कक्षेला हळूहळू वळवतं. वर्तुळाकार कक्षांच्या मॉडेलांमधून आलेल्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत.

ईएलएल१ हे मॉडेल जवळजवळ वर्तुळाकार कक्षांसाठी आहे. इथे ते वर्ज्य. २६९ दिवसांच्या कक्षेतल्या जे२१०८+४५१६ ची विकेंद्रता ०.०९ च्या आसपासच आहे, तरीही ईएलएल१ चालत नाही, कारण अर्धअक्षच शेकडो प्रकाशसेकंदांचा आहे आणि गाळलेली पदं आगमनवेळेच्या अचूकतेपेक्षा कितीतरी मोठी होतात.

बीटी मॉडेल पेरिॲस्ट्रॉनची दिशा काळाबरोबर एकसारखी सरकवतं. डीडी ती पल्सरच्या कक्षेतल्या कोनाबरोबर सरकवतं. लांबट कक्षेत हा फरक मोठा ठरतो, कारण फुगीर पोटाचा जोर ताऱ्याजवळून जातानाच लागतो आणि बदल पायरीसारखा दिसतो. टेम्पो-२ मधलं एमएसएस मॉडेल याच जोड्यांसाठी आहे. त्यात अर्धअक्षाचा बदलही त्याच कोनाबरोबर चालतो. सुरुवात डीडीने करा, उर्वरित फरकात पायऱ्या दिसल्या की एमएसएसवर या.

मोह असतो तो प्रत्येक पेरिॲस्ट्रॉनला परिवलनात किंवा कक्षेत एक स्वतंत्र उडी टाकण्याचा. बी१२५९ च्या सुरुवातीच्या अभ्यासांत अशा उड्या वापरल्याही गेल्या, कारण डेटा एवढाच होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ वर्षांच्या टायमिंगने त्या जागी कक्षेचं सलग वळणं बसवलं. स्वतंत्र उडी प्रत्येक फेरीची चूक त्या फेरीपुरती झाकते आणि पुढच्या फेरीबद्दल काहीच सांगत नाही. सलग वळणं चुकलं तर लगेच उघडं पडतं. म्हणून तेच आधी आजमावा. खरी ग्लिच असू शकते. या पल्सरमध्ये १९९७ मध्ये एक छोटी ग्लिच झालेली आहे. पण ती पेरिॲस्ट्रॉनशी बांधलेली नसते, आणि ग्रहणाच्या आत लपवलेल्या ग्लिचवर तर मुळीच विसंबू नका.

कक्षाकाल बदलताना दिसला तर त्याचा दोष गुरुत्वीय लहरींना देऊ नका. मॅजेलनच्या छोट्या मेघातला जे००४५−७३१९ बी वर्गाच्या ताऱ्याभोवती ५१ दिवसांत फिरतो आणि त्याची कक्षा आक्रसते आहे. तिथे कारण ताऱ्यात उठणाऱ्या भरतीचं आहे. एवढ्या लांबच्या कक्षांत गुरुत्वीय लहरींचा परिणाम मोजण्याच्या कितीतरी खाली असतो.

## टप्पा ७: आता वाऱ्याकडे वळा

कक्षा पक्की झाली की टप्पा ३ मध्ये गोठवलेले डीएम बाहेर काढा. आता ते कक्षेतल्या अंतरासमोर मांडता येतात आणि वाऱ्याची घनता कळते. ध्रुवणाची मोजमापं असतील तर फॅरडे परिवलनही (चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवणाची दिशा फिरणं) पाहा: पेरिॲस्ट्रॉनजवळ ते प्रति चौरस मीटर हजारो रेडियनांनी बदलतं, कारण वाऱ्यात चुंबकीय क्षेत्र आहे. इतकं मोठं परिवलन असलं की एका चॅनेलच्या रुंदीतच ध्रुवण फिरून पुसलं जातं. 'स्पंद ध्रुवित राहिला नाही' असं लिहिण्याआधी चॅनेल बारीक करून पुन्हा पाहा.

स्पंद गेले म्हणजे रेडिओ गेला असं नाही. ग्रहणाच्या काळात बी१२५९ चा न स्पंदणारा रेडिओ उजेड वाढतो, क्ष-किरणही वाढतात, कारण पल्सर ताऱ्याची चकती दोनदा छेदतो. गॅमा उद्रेकाची वेळ मात्र या छेदांना बांधून टाकू नका. २०१०-११ मध्ये फर्मीने पाहिलेला उद्रेक पेरिॲस्ट्रॉननंतर सुमारे ३० दिवसांनी सुरू झाला; २०२१ मध्ये तो सुमारे ५५ दिवसांनी आला.

## टप्पा ८: वस्तुमान

वस्तुमान-फलन: ३९.४८ ला प्रकाशसेकंदांतल्या अर्धअक्षाच्या घनाने गुणा, सेकंदांतल्या कक्षाकालाच्या वर्गाने भागा, पुन्हा ४.९२५५ मायक्रोसेकंदांनी भागा. उत्तर सौरवस्तुमानांत. बी१२५९ साठी १.५३ येतं.

पल्सर १.४ सौरवस्तुमानाचा धरला आणि कक्षा अगदी कडेने दिसते असं मानलं, तर जोडीदार ३.२ सौरवस्तुमानांचा निघतो. हे किमान वस्तुमान आहे. लोक तेच वस्तुमान म्हणून लिहितात आणि 'जड तारा' इतका हलका कसा, म्हणून गोंधळतात. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने आकाशात कक्षेचा आकार प्रत्यक्ष पाहिला गेला आणि कक्षेचा कल १५४ अंशांच्या आसपास आला. तो कल घातला की जोडीदार सुमारे २० सौरवस्तुमानांचा होतो. टायमिंगला २६ आणि १५४ अंश सारखेच दिसतात, त्यामुळे फिरण्याची दिशा टायमिंगवरून सांगू नका.

ताऱ्याच्या वर्णपटातून वेग मोजून वस्तुमानांचं गुणोत्तर काढायचा विचार असेल तर आधी गणित करा. २० सौरवस्तुमानांचा तारा या कक्षेत सेकंदाला तीनेक किलोमीटरच्या आयामाने हलतो, आणि वेगाने फिरणाऱ्या अशा ताऱ्याच्या रेषा सेकंदाला शेकडो किलोमीटर रुंद असतात. शिवाय पेरिॲस्ट्रॉनची दिशा टायमिंगमध्ये पल्सरची असते, वर्णपटात ताऱ्याची. दोघांत १८० अंशांचा फरक आहे. तो न घालता दोन्ही डेटा एकत्र फिट केलेले मी पाहिले आहेत, आणि उत्तर दिसायला अगदी विश्वासार्ह असतं.

## पुढची संधी

बी१२५९ चा मागचा पेरिॲस्ट्रॉन ३० जून २०२४ ला झाला. कक्षाकाल मिळवला की पुढचा १८ नोव्हेंबर २०२७ च्या आसपास येतो. तेव्हा हा भाग सूर्यापासून सुमारे ५० अंशांवर असेल. रेडिओ दुर्बिणींना दिवसाही काम करता येईल. प्रकाशीय निरीक्षणं मात्र पहाटेच्या थोड्या वेळात बसवावी लागतील. शेवटचे स्पंद २ नोव्हेंबरच्या सुमारास आणि परतीचे पहिले ४ डिसेंबरच्या सुमारास अपेक्षित धरा. ऑक्टोबर संपण्याआधी, हाती असलेल्या मॉडेलने ४ डिसेंबरच्या स्पंदाची वेळ आणि तिची अनिश्चितता काढून तारखेसह लिहून ठेवा. स्पंद परतल्यावर आधी तो कागद उघडा, मग फिटला हात लावा.